कडी

सतरा नंबरच्या फाटकाची कडी
मी पहिल्यांदा पाहिली ती फेब्रुवारीत.
तुटली नव्हती, नुसती लोंबकळत होती
एका स्क्रूवर,
सैल दातासारखी.
पार्सलावर सही घेताना कीथ हॉल्डस्वर्थला सांगितलं.
तो म्हणाला, करतो या शनिवारी.

किथलीचे चढ माझ्या गुडघ्यांना पाठ आहेत.
कुठल्या दारात दुधाच्या बाटल्या, कुठे व्हीलचेअरचा उतार,
कुठल्या फटीत बोटं घालायची नाहीत,
लाकडी पट्टीने पत्र ढकलायचं,
हे सगळं मी सॉर्टिंगच्या खणावर
लाल पेनाने लिहून ठेवते,
माझ्या सुट्टीत येणाऱ्या पोराची बोटं शाबूत राहावीत म्हणून.
सतरासमोर लिहिलं: कुत्रा. कडी.

कुत्र्याचं नाव ट्रफल.
चॉकलेटच्या डबीतलं नाव, आणि मान माझ्या मांडीएवढी.
माझं नाव मंदाकिनी. कीथ म्हणतो मँडी.
ट्रफलचं मात्र तो पूर्ण घेतो, दर वेळी, लाडाने.

मार्चमध्ये ट्रफल मला भर रस्त्यात भेटला.
मी बॅग पुढे धरून, भिंतीला पाठ लावून,
तो कान मागे पाडून,
पोटातून घरघरत.
कीथ सपाता फटफटवत आला, हसत:
खेळतोय तो. लोण्यासारखा आहे मनाने.
मी म्हटलं, कीथ, लोणी माझ्या घरीही असतं,
ते असं बघत नाही.
तो आणखी हसला. मीही हसले.
ते हसणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

एप्रिल. शनिवार आले नि गेले.
एकोणीसमधली निगार मुलाला शाळेत
मागच्या गल्लीतून नेऊ लागली, दहा मिनिटं लांबून.
वरच्या अंगाचे मिस्टर ग्रीनवुड काठी घेऊन निघू लागले,
चालण्यासाठी नव्हे.
एका कडीपायी अख्खी आळी वाट वाकडी करून चालत होती
आणि ज्याची कडी, तो तेवढा सरळ रस्त्याने.

मे महिन्यात एका मंगळवारी
माझ्या हातात त्याचं गॅसचं बिल होतं
आणि पिझ्झाची जाहिरात.
फाटक उघडंच.
चावा कसा असतो ते सांगत बसत नाही.
इतकंच, की आधी दुखत नाही.
आधी आश्चर्य वाटतं,
आपलंच कुणी तोंडावर खोटं बोलावं, तसं.

कीथ धावत आला. टॉवेल आणला, चांगला, पांढरा.
हात थरथरत होते त्याचे.
म्हणाला, असं त्याने कधीच केलं नव्हतं.
खरं होतं ते.
करेपर्यंत कुणीच केलेलं नसतं.

अकरा टाके. धनुर्वाताची सुई.
पोलीसबाई जबाब घ्यायला घरी आली, चहा नको म्हणाली,
विचारलं, चूक कुणाची वाटते?
मी म्हटलं, तीन स्क्रूंची.
तिने ते लिहिलं नाही.
मग मी नीट सांगितलं,
तारीखवार, शनिवारवार,
आणि सही केली, डाव्या हाताने.

ट्रफल आठ महिने कुठल्याशा पिंजऱ्यात होता.
तिथली कडी नीट होती म्हणे.
जानेवारीत कोर्टाने कीथला दंड केला
आणि ट्रफलला सुई.
ज्याला शनिवार म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं
त्याने सगळे शनिवार फेडले.
मी सुटले असं वाटायला हवं होतं.
त्या रात्री मला भात गेला नाही.

ही फेरी पुन्हा हातात घेतली तेव्हा
परत फेब्रुवारी लागला होता.
सतरा नंबरला नवी कडी. पितळी, चार स्क्रूंची,
इतकी घट्ट की उघडताना अंगठा दुखतो.
आत गवत, आणि गवतात
एक चावून चावून चपटा झालेला चेंडू.
कीथ खिडकीत. हात करत नाही. मीही नाही.
पत्र टाकते, लाकडी पट्टीनेच.
बाहेर येऊन कडी लावते
आणि दोनदा हलवून बघते,
लागली का.